ग्रामसभेचं निम्मं काम नोटीस बोर्डावरच उरकलेलं असतं

१५ ऑगस्ट जवळ आला की डहाणूपासून रेडीपर्यंत ग्रामपंचायतींच्या दारात एक कागद लागतो. ग्रामसभेची नोटीस. त्यावरचे विषय वर्षानुवर्षं साधारण तेच असतात: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, शासकीय परिपत्रकांचे वाचन करणे, विकासकामांबाबत चर्चा करणे. आणि सगळ्यात खाली, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की थांबून कागद कुणी वाचत नाही. मग सभेच्या दिवशी मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं आणि साकवाबद्दल, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाबद्दल, विचारतं, ‘‘आमच्या वाडीच्या साकवाचं काय झालं?’’ समोरून उत्तर येतं, ‘‘तो विषय आज नाही.’’

विचारणारा खाली बसतो. त्याला कुणी विरोध केलेला नसतो. ‘साकव बांधणार नाही’ असंही कुणी म्हटलेलं नसतं. तरी त्याच्या साकवाचा निर्णय झालेला असतो, निदान पुढची सभा होईपर्यंत. हा निर्णय कुणी घेतला, कधी घेतला आणि तो कुणाच्या लक्षात का आला नाही, हे उलगडण्यासाठी हा लेख आहे. सुरुवात ग्रामसभेपासून करू, कारण ती आपल्या ओळखीची आहे. पण हीच गोष्ट संसदेत चालते, गावकीत चालते आणि आपण सकाळी काय वाचतो त्यातही चालते.

## त्या कागदात असतं काय

विषयपत्रिका, म्हणजे बोलण्यातला अजेंडा, ही सभेत कशावर आणि कोणत्या क्रमाने बोलायचं याची आधी दिलेली यादी. एवढीच तिची व्याख्या. पण या यादीतून चार गोष्टी ठरतात: कोणता विषय आत येणार, तो कितव्या क्रमांकावर येणार, तो कोणत्या शब्दांत लिहिला जाणार आणि कोणता विषय बाहेर राहणार. चौथी गोष्ट कागदावर दिसत नाही, म्हणून ती सगळ्यात बलवान.

एसटीचं उदाहरण घ्या. आत शिरल्यावर कुठल्या सीटवर बसायचं यावरून आपण भांडतो, खिडकी धरतो, रुमाल टाकतो. गाडी कुठल्या गावाला जाणार हे मात्र समोरच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असतं, आणि ती पाटी लावणारा आपल्याला विचारायला आलेला नसतो.

ग्रामसभेची पाटी कोण लावतं? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. सभा बोलावण्याची जबाबदारी सरपंचांची, आणि कागद तयार करतात ग्रामसेवक, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागावी लागते. म्हणजे सभेत काय बोललं जाणार हे सभेच्या किमान आठवडाभर आधी, दोन-तीन माणसांच्या बसण्यात ठरतं. यात बेकायदेशीर काही नाही. कुणीतरी यादी करायलाच हवी. फक्त ती करणाऱ्याच्या हातात किती आहे, हे बाकीच्यांना ठाऊक असायला हवं.

कायदा करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. याच कायद्यात सांगितलं आहे की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक जमाखर्च, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षात करायच्या कामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले शेरे त्यांच्या उत्तरांसकट ठेवलेच पाहिजेत. लेखापरीक्षणाचे शेरे आपण होऊन चव्हाट्यावर मांडायला कुणाला आवडेल? म्हणून तो विषय कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. माझ्या मते अख्ख्या कायद्यातली ही सगळ्यात शहाणी तरतूद आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीसुद्धा. पुढच्या पहिल्या सभेत शेरे वाचून दाखवायला सांगून बघा.

## विषय कितवा आहे, यावर किती अवलंबून असतं

पहिला परिणाम साधा आहे. सभा अकराची असते, सुरू होते साडेअकराला. पहिले चार विषय वाचनाचे. परिपत्रकं वाचता वाचता दीड वाजतो. वरच्या वाडीला जाणारी गाडी दोनची, त्यानंतरची संध्याकाळी. बायका उठतात, कारण घरी जेवणं व्हायची असतात. पैशाचा, जमिनीचा, ना हरकत दाखल्याचा विषय जर सातवा असेल, तर तो जवळ राहणाऱ्या आणि वेळ असणाऱ्या पंधरा-वीस जणांत निकाली निघतो. त्यांनी काही लबाडी केलेली नसते. ते फक्त थांबलेले असतात.

दुसरा परिणाम जास्त खोल आहे. १७८५ मध्ये काँदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं की तीन पर्यायांतून मतदानाने एक निवडायचा असेल, तर कधीकधी बहुमत गोल फिरत राहतं. हे आपल्याच गावात आणून बघू.

समजा गावाला एकाच कामापुरता निधी मिळाला. तीन मागण्या आहेत: नळपाणी योजना, साकव आणि जेटी. तीन वाड्या, तिघींची मतं सारखी. वरच्या वाडीला आधी पाणी हवं, ते नसेल तर साकव, जेटी शेवटी. मधल्या वाडीला आधी साकव, मग जेटी, पाणी शेवटी, कारण त्यांच्याकडे बारमाही विहीर आहे. कोळीवाड्याला आधी जेटी, मग पाणी, साकव शेवटी.

आता अध्यक्ष म्हणतात, ‘‘दोन-दोन पर्याय मताला टाकू. आधी पाणी की साकव ते ठरवा.’’ वरची वाडी आणि कोळीवाडा पाण्याच्या बाजूने, म्हणून पाणी जिंकलं. मग पाणी की जेटी? मधली वाडी आणि कोळीवाडा जेटीकडे. जेटी मंजूर. सगळं लोकशाहीने झालं.

पण अध्यक्षांनी सुरुवात ‘साकव की जेटी’ अशी केली असती तर? वरची आणि मधली वाडी साकवाच्या बाजूने गेली असती. मग साकव की पाणी, तर वरची वाडी आणि कोळीवाडा पाण्याच्या बाजूने, आणि नळपाणी योजना मंजूर. आणि सुरुवात ‘जेटी की पाणी’ अशी केली असती, तर आधी जेटी जिंकली असती आणि शेवटी साकवाने तिला हरवलं असतं. माणसं तीच, मतं तीच, कुणी विकला गेला नाही, कुणी मत बदललं नाही. जो पर्याय शेवटी मैदानात आला तो जिंकला. क्रम लावणाऱ्याला तिन्ही वाड्यांची मनं ठाऊक असतील, तर त्याने निकाल आधीच लावलेला आहे.

प्रत्येक सभेत असा गोल होतोच असं नाही. बहुतेक वेळा एखादी मागणी उघडपणे सगळ्यांत वरचढ असते. पण जिथे गाव तीन बाजूंना ओढलं जातं, नेमक्या तिथेच क्रम निर्णायक ठरतो. म्हणून ‘आधी काय मताला टाकायचं’ हा प्रश्न तांत्रिक समजून सोडून देऊ नये. तिन्ही पर्यायांवर एकदम पसंतीक्रम विचारा, अशी मागणी करता येते.

## ‘आयत्या वेळचे विषय’ ही ओळ

नोटिशीची गंमत अशी की ती हजर माणसापेक्षा गैरहजर माणसासाठी जास्त महत्त्वाची असते. जो तांडेल त्या दिवशी बोट घेऊन समुद्रात असणार आहे, जो तरुण मुंबईला कामावर आहे, जी बाई शेतात बेणणीला जाणार आहे, ते नोटीस वाचून ठरवतात की आपलं काही अडलेलं आहे का, आज मजुरी बुडवून जायचं का. नोटिशीत काही नसेल तर ते निर्धास्त राहतात.

आणि मग शेवटच्या ओळीतून चिरेखाणीच्या ना हरकत दाखल्याचा विषय येतो. ज्यांच्या विहिरीजवळ ती खाण येणार ते घरी, ठराव मात्र पास. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

ही ओळ काढूनच टाकावी असं मात्र मला वाटत नाही. आदल्या रात्री डोंगराला भेग पडली तर तो विषय सात दिवसांच्या नोटिशीची वाट पाहू शकत नाही. पण आयत्या वेळी फक्त संकट आणि माहिती यावी. पैसा, जमीन, दाखले, लाभार्थ्यांची नावं यातलं काहीही आयत्या वेळी येऊ नये. असा ठराव एखाद्या ग्रामसभेने स्वतःच करून ठेवला तर गावातली निम्मी भांडणं मिटतील.

त्याचाच जुळा भाऊ म्हणजे तहकूब सभा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे ‘सभेला जाऊन काय होणार’ म्हणत घरी बसलेल्या माणसाने सभा अडवलेली नसते. त्याने ती आणखी कमी माणसांच्या हाती दिलेली असते.

## जो विषय कधी आलाच नाही

१९६२ मध्ये पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅराट्झ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक मुद्दा मांडला, तो आज राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. सत्तेचा एक चेहरा असतो निर्णय घेण्याचा, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा असतो विषय चर्चेपर्यंत पोचूच न देण्याचा. तिथे भांडण दिसत नाही, मतदान नसतं, हरलेला माणूसही नसतो.

कोकणाला हे सांगायला अमेरिकेतून कुणी यायची गरज नव्हती. खोती हा इथला शेकडो वर्षांचा विषय. खोत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला, साऱ्याची वसुली त्याच्या हाती, आणि कुळाचं जगणं त्याच्या मर्जीवर. कुळाने हा प्रश्न मांडायचा कुठे? गावच्या बैठकीत खोत स्वतःच वरच्या जागी. अशा वेळी १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची शेती कसायचीच नाही असं ठरवलं. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं. जमिनी पडीक राहिल्या, घरांत उपासमार झाली. हे लोक तेव्हा मतदानात हरले नव्हते. ज्या सभेत मतदान होतं तिथे त्यांचा विषयच नव्हता, म्हणून त्यांना ही किंमत मोजावी लागली.

दरम्यान १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. विधेयक विरोधी बाकावरून आलेलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ मध्ये, सरकारच्या बाजूने आल्यावर.

## संसदेची नोटीस कोण लिहितं

मुद्दा बरोबर असणं आणि मुद्द्याला वेळ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकसभेत सरकारी कामकाजाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती सुचवते. तिच्यात १५ सदस्य असतात आणि लोकसभेचे अध्यक्षच तिचे प्रमुख. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. अधिवेशनाआधी तिची बैठक झाल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. ती पहिल्या पानावर यायला हवी.

मंत्री नसलेल्या खासदाराला स्वतःचं विधेयक मांडता येतं, त्याला खासगी विधेयक म्हणतात. त्यासाठी वेळ असतो शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, जेव्हा अनेक खासदार मतदारसंघाकडे निघालेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयकं संसदेने मंजूर केली, आणि शेवटचं १९७० मध्ये.

राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै, मूळचे वेंगुर्ल्याचे, या शुक्रवारशी झुंजले. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. एप्रिलमध्येच नाथ पैंनी संसदेचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं खासगी विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, त्यावर गाजलेली चर्चा झाली. विरोधही मोठा होता आणि तो प्रामाणिक होता, मूलभूत हक्कांच्या काळजीपोटी होता. विधेयक मंजुरीपर्यंत पोचलं नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली, जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली आणि संसदेला तो अधिकार दिला. विरोधी बाकावरून तीन वर्षांहून अधिक काळ जे पुढे सरकलं नाही, ते यादी ज्यांच्या हाती होती त्यांनी काही महिन्यांत केलं. ती दुरुस्ती योग्य होती का, यावर आजही वाद होऊ शकतो. यादीची ताकद मात्र यातून निर्विवाद दिसते.

याच मतदारसंघाची दुसरी गोष्ट कोकण रेल्वेची. मागणी कित्येक दशकांची होती, भाषणं झाली, निवेदनं झाली. १९८९ च्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि राजापूरचे मधू दंडवते अर्थमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर तेच होते, पाऊस तोच होता. फरक एवढाच पडला की विषय लिहिणाऱ्या आणि पैसे देणाऱ्या दोन्ही खुर्च्यांत हा विषय मनावर घेतलेली माणसं एकाच वेळी बसली.

आणि विषय यादीत असूनही त्यावर बोलणं होईलच याची खात्री नसते. अर्थसंकल्पाच्या चर्चेची वेळ संपली की ज्या खात्यांच्या मागण्यांवर एक शब्द बोललेला नाही त्याही एकत्र मताला टाकतात. याला संसदेत गिलोटिन म्हणतात. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने गदारोळात अर्थसंकल्पाच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केलं. ‘सर्व विषय सर्वानुमते मंजूर’ ही आपल्या प्रोसिडिंग बुकातली ओळ याच्यापेक्षा फार वेगळी नाही.

## गावकीची न लिहिलेली यादी

ग्रामसभेचा कागद निदान भिंतीवर लागतो. गावकीचा लागत नाही. कोकणात ग्रामपंचायतीच्या शेजारी गावकी नावाची दुसरी, जुनी सभा चालते. देवळात बसते, देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याने सुरू होते, मानकरी पुढे बसतात. पालखी कोणत्या घरी आधी, शिमग्याची वर्गणी किती, जीर्णोद्धार कधी. मला या सभेबद्दल आदर आहे. गावाला धरून ठेवणारी ती गोष्ट आहे, आणि शंभर घरांची वर्गणी पावतीशिवाय चोख जमवणं ही सोपी शिस्त नाही. पण तिची यादी मानाने ठरते, आणि ज्यांना मान नाही त्यांचा विषयही नाही. बाया तर बहुतेक ठिकाणी सभेतच नसतात.

त्यात मुंबई मंडळाची भर. लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत रविवारी चाकरमान्यांची बैठक होते, देवळाचा आराखडा तिथे पक्का होतो, आणि गणपतीत सगळे गावी आले की तो गावापुढे ‘कळवण्यासाठी’ येतो. पैसा ज्याचा, विषय त्याचा. हे माझ्या मते समजण्यासारखं आहे, पण बारा महिने गावात राहणाऱ्याने त्याच बैठकीला आपला एक विषय पाठवायला हवा.

गावकी कुटुंबाला वाळीत टाकते तेव्हा या न लिहिलेल्या यादीचं सगळ्यात वाईट रूप दिसतं. ज्याच्याबद्दल निर्णय होतो त्याला सभेत जागाच नसते. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक बाहेर आल्या, त्यांच्या बातम्या झाल्या, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा केला. वाळीत टाकणं त्याच्या आधीही शेकडो वर्षं चालू होतं. फक्त ते ‘गावचं आपसातलं’ होतं, म्हणून राज्याच्या यादीवर क्वचितच येत होतं.

आणखी एक यादी ऋतू लिहितो. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी आपल्या विहिरी काठोकाठ असतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस नुकताच पडून गेलेल्या गावात पाणीटंचाईचा विषय कोण काढणार? तो आठवतो एप्रिल-मेमध्ये, डोक्यावर हंडा आल्यावर. तोवर आराखडा बंद.

## खड्डे की रस्ता: शब्द कोण निवडतं

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासूनचं. दर वर्षी श्रावणात हा विषय सगळीकडे झळकतो, ‘गणपतीपूर्वी खड्डे भरणार’ अशी घोषणा होते, खड्डे भरले जातात, विसर्जन होतं, विषय संपतो. हा विषय यादीत नाही असं कोण म्हणेल? पण तो यादीत ‘खड्डे’ म्हणून आहे. खड्डे हा प्रश्न असेल तर खडी हे उत्तर. ‘एवढ्या वर्षांत काम का पुरं झालं नाही, कुठला टप्पा कुणामुळे रखडला, दंड किती लावला’ असा विषय लिहिला असता तर उत्तर देणारी माणसंच वेगळी असती.

मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत हेच दिसतं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली होते, किमान ३० दिवसांची नोटीस लागते, गणपूर्तीची अट नसते आणि मतदान होत नाही. तिथे विषय असतो प्रकल्पाचे पर्यावरणावर होणारे परिणाम आणि त्यावरचे उपाय. गावकरी मात्र येतात ‘प्रकल्प हवा का’ या विषयावर बोलायला. दोघं एका मांडवात बसून दोन वेगळ्या सभा करतात, आणि लोकांना वाटतं आपलं ऐकलं नाही. म्हणून तिथे नुसतं ‘नको’ म्हणू नये. ‘नको’ची नोंद होते, पण अहवालाच्या अमुक पानावर आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, नोंदच नाही, असं सांगितलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

वर्तमानपत्रं आणि वाहिन्या हेच काम अख्ख्या समाजासाठी करतात. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल या गावातल्या, मत कुणाला द्यायचं ते न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं की तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात. माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, तेच प्रश्न मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. मत काय असावं हे माध्यमं ठरवतीलच असं नाही, पण कशावर मत असावं हे बरंचसं ठरवतात. आज ते काम फोनही करतो.

आपत्तीनंतर मात्र काही काळ यादी मोकळी होते. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ हा विषय अचानक सगळ्यांच्या तोंडी आला. असे विषय चिखल धुऊन झाला की विसरले जातात. चिपळूणकरांनी तो विसरू दिला नाही, साखळी उपोषण केलं, गाळ काढण्याचं काम सुरू करायला लावलं. पुराने विषय यादीवर आणला, उपोषणाने तो तिथे टिकवला.

## ‘‘म्हणजे सगळा आधीच ठरलेला डाव असतो का?’’

नाही. बहुतेक ग्रामपंचायतींत मागच्या वेळची नोटीस काढून तारीख बदलतात, एवढंच. विषय दाबण्याइतका विचार कुणी केलेला नसतो. पण जुनी यादी नुसती पुढे चालू ठेवली तरी ज्यांचा विषय मागे नव्हता त्यांचा याही वेळी राहतोच. परिणाम तोच.

दुसरी शंका अशी येते की मग यादीच कशाला, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्या. अशा सभा आपण पाहिल्या आहेत. मोठा आवाज असलेले तीन जण दोन तास बोलतात. यादी असेल तर निदान लाजऱ्या माणसाचा चौथ्या क्रमांकाचा विषय येतोच, आवाज कितीही बारीक असो.

‘‘शेवटी मत तर आपलंच असतं,’’ असंही लोक म्हणतात. वर तीन वाड्यांचं उदाहरण दिलं ते याचसाठी. मत आपलंच असतं, आणि तरी निकाल क्रमाने बदलतो.

चांगल्या अध्यक्षाला ही ताकद वेगळ्या तऱ्हेने वापरता येते. ‘रस्त्याबाबत चर्चा करणे’ असं न लिहिता ‘रस्ता वरच्या वाडीतून न्यावा की खाडीकाठाने, आणि जमीन देणाऱ्यांना मोबदला काय’ असं लिहिलं तर माणसं घरून विचार करून येतात. जड विषय दुसऱ्या क्रमांकावर, परिपत्रकांचं वाचन शेवटी. ज्यांच्यावर परिणाम होणार ते कधी येऊ शकतात ते पाहून वेळ. एवढं केलं तरी गावाला सरपंचाचा स्वभाव कळतो.

## आपल्या हातात काय आहे

सभेत उठून बोलण्यापेक्षा नोटीस निघण्याआधी अर्ज देणं जास्त उपयोगाचं. अर्ज लेखी द्या, विषय कोणत्या शब्दांत घ्यावा हे स्वतः लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पाच-सात जणांच्या सह्या असतील तर उत्तम. विषय घेतला नाही तर ती पोच घेऊन सभेत ‘का घेतला नाही’ असं विचारता येतं, आणि मग तेही इतिवृत्तात लिहायला सांगा.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. अनेक गावांत ती वहीत सह्या घेऊन होते. ती खरोखर भरवली तर तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात, म्हणजे यादीत शिरायचा हा हक्काचा दरवाजा आहे. इतिवृत्त वाचताना लक्ष द्या, कारण मागच्या सभेत काय झालं हे पुढे त्या वहीवरूनच ठरतं. प्रत मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक.

पाण्याचं काम असेल तर मे महिन्यात विहीर तळाला गेल्यावर तारखेसकट फोटो काढून ठेवा, टँकर आला असेल तर त्याच्या नोंदी मागून घ्या, आणि अर्ज द्या सप्टेंबरच्या मध्याला, गणपतीच्या गडबडीतही, कारण आराखड्याची यादी तेव्हा लिहायला घेतात.